‘करायलो’चा मुलूख : तेलगावची बोली आणि प्रमाण मराठीची हद्द

‘काय करायलास?’
‘जेवायलो.’

बीड जिल्ह्यातील तेलगावच्या चौकात हा संवाद कुणालाही ऐकू येईल. पुण्याकडचा श्रोता मात्र दुसऱ्या शब्दापाशी अडखळतो. शेवटच्या ‘लो’मुळे त्याला जेवण आटोपले असे वाटते, प्रत्यक्षात घास हातात असतो. हा ‘लो’ कोठून आला आणि त्याला ‘अशुद्ध’ कुणी ठरवले, याचा हा थ्रेड.

तेलगाव धारूर तालुक्यात आहे. बीड-परळी आणि माजलगाव-धारूर हे रस्ते तेथे एकमेकांना छेदतात, त्यामुळे चारही दिशांची बोली तेथे कानी पडते.

प्रथम व्याकरण. ‘करायला लागलो’ यातील ‘लाग’ झिजला आणि ‘करायलो’ उरले. लातूर-नांदेडकडे ‘करू लागलो’चे ‘करूलालो’, ‘करलालो’ झाले. नाशिक-नगरच्या पट्ट्यात तेच काम ‘करू राहिलो’ करते, वऱ्हाडात ‘करून राहिलो’. म्हणजे चालू क्रिया दाखविण्यासाठी एका प्रदेशाने ‘लागणे’ निवडले, दुसऱ्याने ‘राहणे’, आणि पुण्याने ‘असणे’ : करत आहे, करतोय. तिन्ही मार्ग सारखेच नियमबद्ध आहेत. तेलगावचा माणूस ‘मी शेती करतो’ आणि ‘मी पेरणी करायलो’ यांत कधीही गल्लत करीत नाही. पहिली त्याची रीत, दुसरी या घटकेची क्रिया. भाषेचा नियम याहून वेगळा काय असतो?

दुसरा आक्षेप उर्दूचा. निजामामुळे मराठवाड्याची मराठी ‘बाटली’, असे आजही सर्रास म्हटले जाते. पण अर्ज, तारीख, फिर्याद, वकील, जमीन, कागद हे शब्द पुण्याच्या पेशवे दफ्तरातही तितक्याच मोकळेपणाने नांदत होते. फारसीचा हा थर बहमनी काळापासून साऱ्या महाराष्ट्रावर चढला. शिवछत्रपतींना राज्यव्यवहारकोश करवून घ्यावा लागला तो त्यामुळेच. फरक इतकाच की पुण्याच्या मराठीतील फारसी ‘भारदस्त’ ठरली आणि बीडच्या मराठीतील उर्दू ‘भेसळ’.

हा फरक भाषेने केलेला नाही, सरहद्दीने केला. १८१८ नंतर पुणे, सातारा, कोकण हा मुलूख इंग्रजी अमलाच्या छायेत गेला. बीड निजामाकडेच राहिले. पुढची सारी भाषिक उभारणी मुंबई इलाख्यात झाली. मोल्सवर्थचा मराठी-इंग्रजी कोश १८३१ मध्ये निघाला, दादोबा पांडुरंगांचे व्याकरण १८३६ मध्ये. शाळाखात्याची क्रमिक पुस्तके मेजर कँडीच्या नजरेखालून जाऊ लागली. पुणे-मुंबईच्या सुशिक्षित वर्गाची, त्यातही बहुतांशी ब्राह्मणांची बोली छापखान्यात शिरली आणि ‘शुद्ध’ होऊन बाहेर पडली.

सरहद्दीच्या पलीकडे १८८०च्या दशकात फारसीच्या जागी उर्दू राजभाषा झाली. १९१८ मध्ये हैदराबादेत उस्मानिया विद्यापीठ उभे राहिले, तेही उर्दू माध्यमाचे. देशी भाषेतून उच्च शिक्षण देण्याचा हा प्रयोग मोठाच होता. पण धारूर-माजलगावच्या मुलासाठी ती भाषा आईची नव्हती. मराठी उरली घरात, शेतात आणि कीर्तनात. तिला कचेरी मिळाली नाही, म्हणून प्रतिष्ठाही मिळाली नाही. सीमेपलीकडच्या मराठीत तर या राज्याचे नावच ‘मोगलाई’ पडले, आणि ‘मोगलाई’ म्हणजे अनागोंदी असा अर्थही रूढ झाला. एका प्रदेशाचे नाव शेजाऱ्याच्या कोशात दोष म्हणून नोंदले जावे, यासारखा पूर्वग्रहाचा दुसरा पुरावा शोधावा लागत नाही.

ग्रिअर्सनच्या भाषिक सर्वेक्षणाचा मराठीविषयक सातवा खंड १९०५ मध्ये आला. मात्र निजामाचे संस्थान सर्वेक्षणाच्या कक्षेबाहेर होते. बोलींची पहिली मोठी मोजदाद झाली, तेव्हा तेलगावचा मुलूख त्या नकाशाच्या काठावरच राहिला.

आणि तरीही मराठीच्या जुन्या रूपाचा शोध घ्यायला संशोधकांना याच भागात यावे लागले. वि. का. राजवाड्यांना ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी बीडच्या पाटांगणात मिळाली. १९०९ मध्ये त्यांनी ती छापली आणि तिच्या आधारे ज्ञानेश्वरीच्या भाषेचे व्याकरण मांडले. मुकुंदराजांची समाधी अंबाजोगाईस, जनाबाईंचे गाव गंगाखेड, एकनाथांचे पैठण. गोदावरीच्या खोऱ्यातील वाङ्मय मराठीचे वैभव. त्याच खोऱ्यातील आजची बोली मात्र विनोदाचा विषय.

सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात विलीन झाले. १ नोव्हेंबर १९५६ रोजी मराठवाड्याचे पाच जिल्हे द्वैभाषिक मुंबई राज्यात आले, १९६० मध्ये महाराष्ट्रात. मराठी आता राजभाषा झाली. पण शाळेत आलेली मराठी मुंबई इलाख्यात घडलेली होती. उर्दूच्या वर्गात परके असलेले मूल आता स्वतःच्याच भाषेच्या वर्गात चुकीचे ठरू लागले. राजकीय इतिहासाच्या पुस्तकांत या स्थित्यंतराला ओळही मिळत नाही.

असे केवळ येथेच घडले नाही. १९४१ मध्ये बीबीसीने यॉर्कशायरच्या हॅलिफॅक्स गावच्या विल्फ्रेड पिकल्सला राष्ट्रीय बातम्या वाचायला बसवले. उत्तरेकडील त्याचे उच्चार ऐकून अनेक श्रोते नाराज झाले : असल्या आवाजातील बातमीवर विश्वास कसा ठेवायचा? बातमी तीच होती.

मराठवाड्याच्या बोलीला मान मिळवून दिला तो साहित्याने. रा. रं. बोराडे यांची ‘पाचोळा’ ही कादंबरी १९७१ची. खेड्यातील एका शिंप्याची बायको ती आपल्या बोलीत सांगते, आणि त्या बोलीत हसण्यासारखे काहीही नाही. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ने हीच बोली महाराष्ट्रभर नेली, पण हशाच्या वाटेने. (शीर्षकातील वऱ्हाड लग्नाचे आहे, विदर्भातले नव्हे, हा घोळ अजून मिटलेला नाही.) अलीकडे डेक्कन कॉलेज आणि राज्य मराठी विकास संस्था यांनी बोलींचे सर्वेक्षण हाती घेतले. त्यात बोलींची नावे आधी न ठरवता, कोणते रूप कोठे बोलले जाते याचे नकाशे केले जातात.

तेलगावी साखर कारखाना आहे, तरीही बीड जिल्ह्यातील लाखो मजूर दरवर्षी ऊसतोडीसाठी सांगली, कोल्हापूर, थेट कर्नाटकापर्यंत जातात. सोबत मुले जातात आणि बोलीही जाते. नव्या गावच्या शाळेत वर्गातली मुले ‘करायलो’ ऐकून हसतात. काही दिवसांत ते मूल बोलणेच कमी करते. गुरुजींच्या शेऱ्यात त्याची नोंद ‘अभ्यासात मागे’ अशी होते.

या मजुरांची स्वतःची परिभाषाही आहे. मुकादमाकडून आगाऊ घेतलेली रक्कम ती ‘उचल’, कामाला न गेलेला दिवस तो ‘खाडा’, उसाचे हिरवे शेंडे ते ‘वाढे’. आणि ‘कोयता’ हे नुसते हत्यार नव्हे. नवरा-बायको मिळून एक कोयता. उचलही कोयत्याच्या हिशेबाने ठरते. एकटा मजूर म्हणजे अर्धा कोयता.