चित्रकोटच्या वाटेवरची सीमा

भद्रावतीहून चित्रकोटचा धबधबा पाहण्यास निघालेली गाडी चंद्रपूर, गोंडपिपरी, आष्टी, आलापल्ली, सिरोंचा असा जंगलातील लांबचा पल्ला गाठून पातागुडमजवळ इंद्रावतीच्या पुलावर येते. पुलाच्या या टोकाला महाराष्ट्र, त्या टोकाला छत्तीसगड. पुढे भोपालपट्टणम, बिजापूर, गीदम आणि मग धबधबा. ही सीमा नेमकी किती जुनी आहे? या धाग्याचा विषय तोच.

आज ती ज्या अर्थाने राज्यांची सीमा आहे, त्या अर्थाने तिचा जन्म १ नोव्हेंबर १९५६चा. त्या दिवशी राज्यपुनर्रचना झाली. चांदा जिल्हा मुंबई राज्यात गेला आणि बस्तर मध्य प्रदेशात राहिले. त्याआधी, म्हणजे समजा १९५५ साली, कोणी भद्रावतीहून चित्रकोटला गेले असते, तर सबंध प्रवास एकाच राज्यातून झाला असता. आणि त्या राज्याची राजधानी होती नागपूर! १९६० साली महाराष्ट्र, १९८२ साली गडचिरोली जिल्हा, २००० साली छत्तीसगड, ही नावे त्यानंतरची.

मात्र नदीच्या दोन्ही तीरांवर सदैव एकच सत्ता नांदत होती, असे समजणे भाबडेपणाचे ठरेल. भद्रावती, म्हणजे जुने भांदक, येथे राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण याचा इ.स. ७७२चा ताम्रपट सापडला. पलीकडच्या बस्तरात पुढे छिंदक नागांचे राज्य उदयास आले. ‘चक्रकोट’ हे त्या प्रदेशाचे नाव राजेंद्र चोळाच्या तिरुमलै शिलालेखात विजित प्रदेशांच्या यादीत येते. चित्रकोटजवळच नारायणपाल येथे विष्णूचे मंदिर आहे. नागराजा सोमेश्वराची माता गुंडमहादेवी हिने इ.स. ११११मध्ये देवासाठी गाव दान दिल्याचा लेख तेथे आहे. धबधबा पाहून तसेच परतणाऱ्यांनी हे मंदिर वगळू नये.

१३२३ साली वारंगळ दिल्लीच्या सैन्याच्या हाती पडले. काकतीय घराण्यातील अन्नमदेव गोदावरी ओलांडून उत्तरेस आला आणि भोपालपट्टणम, बिजापूर, बारसूर अशी एकेक ठाणी घेत गेला, असे बस्तरची राजपरंपरा सांगते. आजचा मार्गही थोडाफार तोच आहे. त्या वाटेने आलेल्या परागंदा राजपुत्राला राज्य मिळाले.

सुमारे साडेपाच शतकांनंतर आणखी एक परागंदा याच मुलखात शिरला. त्याच्या वाट्याला मात्र निराळे भाग्य आले.

१८५८ साली चांदा जिल्ह्यात मोलमपल्लीचे जमीनदार बाबूराव शेडमाके आणि अडपल्ली-घोटचे जमीनदार व्यंकटराव यांनी इंग्रजांविरुद्ध उठाव केला. एप्रिलच्या अखेरीस प्राणहितेकाठच्या चुंचगुंडी येथील छावणीवर हल्ला झाला आणि तारखात्याचे गार्टलँड व हॉल हे दोन कर्मचारी मारले गेले. डेप्युटी कमिशनर कॅप्टन क्रिक्टन याने मग अहेरीच्या जमीनदारीण लक्ष्मीबाई यांच्यावर दडपण आणले. त्यांच्या माणसांनी बाबूरावांना पकडून दिले. २१ ऑक्टोबर १८५८ रोजी चांद्याच्या तुरुंगात त्यांना फाशी देण्यात आली.

व्यंकटराव निसटले ते थेट बस्तरात. बस्तर हे संस्थान होते. तेथे इंग्रजांचा जिल्हाधिकारी नव्हता. हद्द ओलांडली की पाठलाग थांबेल, ही आशा अगदीच अनाठायी नव्हती. परंतु १७७८च्या कोटपाड तहाने बस्तरचे राजे दर्यावदेव यांनी नागपूरकर भोसल्यांचे वर्चस्व मान्य केले होते, आणि १८५४ साली नागपूर खालसा झाल्यावर भोसल्यांचा हा अधिकार इंग्रजांकडे आला होता. नकाशावर हद्द होती. तिच्या दोन्ही बाजूंस हुकूम मात्र एकाचाच चाले. १८६० साली बस्तरच्या राजाने व्यंकटरावांना पकडून इंग्रजांच्या स्वाधीन केले. जन्मठेप काळे पाणी आणि मालमत्तेची जप्ती, अशी शिक्षा झाली. राजाला दोष देणे सोपे आहे, पण त्याचे सिंहासनही त्याच हुकमावर टिकून होते.

बाबूराव आज चंद्रपुरात सर्वांना ठाऊक आहेत. व्यंकटरावांचे नाव त्या मानाने फारसे ऐकू येत नाही.

सत्तांच्या या देवघेवीत माणसे आणि भाषा मात्र हद्दीच्या अलीकडे-पलीकडे पसरलेल्याच राहिल्या. माडिया गोंडांची वस्ती भामरागडातही आहे आणि अबूझमाडातही. धबधब्याच्या परिसरात कानी पडणारी हलबी मराठी वाचकाला अधूनमधून ओळखीची वाटते, त्यालाही कारण आहे: ग्रिअर्सनने आपल्या भाषासर्वेक्षणात हलबीचा विचार मराठीला वाहिलेल्या सातव्या खंडातच केला. मराठी, ओडिया आणि छत्तीसगढी यांची ती सरमिसळ आहे.

विसाव्या शतकात नदीच्या दोन्ही तीरांना एकाच वेळी धास्ती वाटावी, असा प्रसंग आला तो धरणांमुळे. इंद्रावतीवर भोपालपट्टणम आणि गोदावरीवर इंचमपल्ली असे दोन प्रकल्प आखले गेले होते. चित्रकोटचा धबधबा बराच वर असल्याने त्याला धोका नव्हता; पाण्याखाली जाणार होती ती खालच्या अंगाची आदिवासी गावे आणि सागाची जंगले. १९८४ साली बाबा आमटे आणि लाल श्यामशाह यांनी ‘जंगल बचाओ, मानव बचाओ’ आंदोलन उभारले. आमट्यांचे आनंदवन वरोऱ्याचे, म्हणजे भद्रावतीच्या शेजारचे. दोन्ही धरणे बांधली गेली नाहीत.

त्यामुळे चित्रकोटला सुमारे २९ मीटर खाली कोसळणारे इंद्रावतीचे पाणी आजही जंगलातून वाहत भामरागडला येते, तेथे पर्लकोटा आणि पामुलगौतमीला सोबत घेते, आणि पातागुडमच्या पुलाखालून पुढे सोमनूरजवळ गोदावरीला मिळते.