पाकिटातलं नशीब : जमवायच्या पत्त्यांची गोष्ट

आज जरा वेगळाच विषय घेऊन आलेय. म्हणाल, ताईला झालंय काय, पोरांच्या पत्त्यांवर बोलायला लागली! पण विषय पोरांचा असला तरी पैसा आपल्या डब्यातलाच जातो, म्हणून ऐका.

गेल्या महिन्यात आमच्या गटाच्या बैठकीत एक ताई गप्पगप्प होती. बचतीचे शंभर रुपये भरायची वेळ आली आणि तिचे साठ रुपये कमी पडले. आधी कारण सांगेना. मग डोळ्यांत पाणी आलं. सहावीतल्या मुलाने डब्यातून पैसे काढून पत्त्यांची पाकिटं आणली होती. त्याला विचारलं तर म्हणाला, "आई, भारीतला पत्ता निघाला की पाचशेला जातो."

बायांनी आपापली मतं मांडली. एक म्हणाली, दोन ठेवून दे. दुसरी म्हणाली, हा सरळ जुगार आहे. तिसरी म्हणाली, आपण नाही का लहानपणी बबलगमसोबतची क्रिकेटवाल्यांची चित्रं जमवली? तिघींचंही थोडं थोडं खरं वाटलं. म्हणून या पत्त्यांचा इतिहास शोधून वाचला. तोच आज सांगते.

आपल्याकडे पत्ते जुनेच. सावंतवाडीची गोल गंजिफा तुम्ही पाहिली किंवा ऐकली असेल. दशावतारी गंजिफेत दहा अवतारांचे दहा रंग, प्रत्येकात बारा पाने, एकूण १२० पाने. पेटी घेतली की सगळी १२० पाने हातात. राजा कमी आणि एक्का जास्त असं काही नाही. काय घेतोय ते घेणाऱ्याला ठाऊक असतं. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

आता अमेरिकेत जाऊ. १८८० च्या दशकात तिथे सिगारेटची पाकिटं मऊ कागदाची असत. आतल्या सिगारेटी मोडू नयेत म्हणून कंपन्या एक जाड पुठ्ठा घालत. त्या कोऱ्या पुठ्ठ्यावर कोणीतरी चित्रं छापली: नट्या, पक्षी, खेळाडू. चित्रांच्या मालिका केल्या. मग मालिका पुरी करायला लोक पुन्हा पुन्हा तेच पाकीट घ्यायला लागले. पुठ्ठा सिगारेट सांभाळायला आला होता, तो सिगारेट खपवायला लागला.

अशाच एका मालिकेत १९०९ च्या सुमारास होनस वॅग्नर नावाच्या बेसबॉल खेळाडूचं चित्र आलं. त्याने ते छापायला नकार दिला. कोणी सांगतात, मुलांनी त्याच्या चित्रापायी तंबाखू घेऊ नये म्हणून. कोणी सांगतात, त्याला मोबदला मिळाला नाही म्हणून. छपाई लवकर थांबली आणि मोजकेच पत्ते उरले. २०२२ साली त्यातला एक ७२ लाख डॉलरच्या वर विकला गेला. पत्ता आपसूक दुर्मीळ झाला होता, कोणी ठरवून केला नव्हता.

दुसरी गोष्ट १९५२ ची. एका बबलगम कंपनीने बेसबॉलचे पत्ते काढले, पण त्यातले बरेच खपले नाहीत. गोदाम अडकलं. काही वर्षांनी कंपनीच्या माणसाने उरलेले खोकेच्या खोके बोटीवर लादून समुद्रात टाकले. हे त्याने स्वतःच पुढे सांगितलं. त्याच मालिकेतला मिकी मँटल या खेळाडूचा एक पत्ता २०२२ मध्ये १ कोटी २६ लाख डॉलरला गेला.

अशा किमती ऐकल्या की माणसाच्या तोंडाला पाणी सुटतं. तसंच तिथे झालं. १९८० च्या दशकाच्या शेवटी अमेरिकेत लोकांनी पत्त्यांचे बंद खोके विकत घेऊन माळ्यावर ठेवले, पोरांच्या शिक्षणाला होतील म्हणून. पण सगळेच ठेवतायत म्हटल्यावर कंपन्यांनी वारेमाप छापले. आज त्या खोक्यांना फारसं कोणी विचारत नाही. एका वर्षी कांद्याला भाव आला म्हणून पुढच्या वर्षी सगळ्या गावाने कांदा लावला की काय होतं, ते तुम्हाला मी सांगायला नको.

आता मूळ गोष्टीकडे येते. १९९३ साली रिचर्ड गारफिल्ड या गणिताच्या माणसाने 'मॅजिक : द गॅदरिंग' नावाचा खेळ काढला. यात पत्ते नुसते जमवायचे नव्हते, त्यांनी खेळायचंही होतं. पत्त्यांचे पाच रंग: पांढरा, निळा, काळा, लाल, हिरवा. काही पत्ते जमिनीचे. जमीन मांडली की तिच्यातून शक्ती मिळते, आणि ती खर्चून प्राणी किंवा मंत्र यांचे पत्ते टाकायचे. जमिनीशिवाय काही पिकत नाही, हे त्या खेळातही आहे बरं का!

पहिल्या छपाईत २९५ तऱ्हेचे पत्ते होते आणि त्यांच्या पायऱ्या ठरवल्या होत्या. ७४ साधे, ९५ मधले, ११६ दुर्मीळ, आणि बाकी जमिनीचे. पंधरा पत्त्यांच्या पाकिटात ११ साधे, ३ मधले आणि दुर्मीळ फक्त एक. पण पत्ता कुठल्या पायरीचा, हे त्यावर लिहिलेलं नव्हतं. १९९८ पासून खुणेचा रंग आला: काळा म्हणजे साधा, चंदेरी म्हणजे मधला, सोनेरी म्हणजे दुर्मीळ. २००८ मध्ये त्याहूनही वरची पायरी काढली, साधारण आठ पाकिटांत एक निघेल अशी.

गारफिल्डचा अंदाज असा होता की माणूस थोडीच पाकिटं घेईल, त्यामुळे एका वस्तीत जबरदस्त पत्ते एखाददुसरेच असतील. अंदाज चुकला. लोकांनी ढिगाने घेतले. पहिल्या छपाईचे सुमारे २६ लाख पत्ते बघता बघता संपले. त्यात एकेका दुर्मीळ पत्त्याच्या जेमतेम अकराशे प्रती होत्या. 'ब्लॅक लोटस', म्हणजे काळं कमळ, हा त्यातलाच. आज त्याची किंमत लाखांत होते.

सुरुवातीच्या नियमांत पैजही होती. दोघांनी आपला एकेक पत्ता बाजूला ठेवायचा, जिंकणाऱ्याने दोन्ही घ्यायचे. ती पुढे काढून टाकली. १९९५ मध्ये कंपनीने काही जुने पत्ते पुन्हा छापले, तेव्हा जमवणारे चिडले, कारण आपल्या पत्त्याचा भाव पडेल. मग १९९६ ला कंपनीने एक यादी करून वचन दिलं की यातले पत्ते आम्ही परत छापणार नाही. म्हणजे बघा, कागद तोच, शाई तीच, यंत्र तेच. किंमत होती ती न छापण्याची.

त्याच १९९६ मध्ये जपानमध्ये पोकेमॉनचे पत्ते आले, १९९९ ला अमेरिकेत. तिथे खूण अगदी सोपी: गोल म्हणजे साधा, चौकट म्हणजे मधला, चांदणी म्हणजे दुर्मीळ. चकचकीत चांदणीवाल्यासाठी मुलं वेडी झाली. शाळेत भांडणं, मोठ्या मुलांनी लहानांना फसवून अदलाबदल करणं सुरू झालं. त्याच वर्षी तिथल्या कितीतरी शाळांनी पत्ते आणायला बंदी घातली. म्हणजे आपल्या ताईचं दुखणं नवं नाही, पंचवीस वर्षांपूर्वीच्या अमेरिकेतल्या आयांनीही ते सोसलंय.

मग हा जुगार का? पुढच्या बैठकीत आम्ही एक खेळ केला. आम्ही बाराजणी. बारा नावांच्या चिठ्ठ्या डब्यात टाकल्या. आधी भिशीसारखं केलं: चिठ्ठी काढली की बाजूला ठेवली. बारा वेळांत बाराही जणींचा नंबर लागला. मग पाकिटासारखं केलं: चिठ्ठी काढली, नाव वाचलं आणि परत डब्यात टाकली. बारा वेळा काढून झालं तरी चौघींचं नाव आलंच नाही, आणि एकीचं तीनदा आलं! बाया हसल्या, मग गप्प झाल्या.

भिशीत आणि पाकिटात फरक हाच. भिशीत आपली वेळ कधीतरी येतेच. पाकिटाला आठवण नसते. त्या ११६ दुर्मीळ पत्त्यांतला ठराविक एक हवा असेल, तर सरासरी ११६ पाकिटं लागतील. दहा रुपयांचं पाकीट धरलं तर अकराशे साठ रुपये. आणि तेवढी घेऊनही शंभरातल्या छत्तीस-सदतीस मुलांच्या हाती तो आलेला नसेल. "आता पुढच्यात नक्की" हे वाक्य जिथे ऐकाल, तिथे सावध व्हा, मग ते पोराच्या तोंडचं असो की मटक्यावाल्याच्या.

पण खेळ वाईट नाही, हेही सांगते. त्या मुलाने मला त्याचे पत्ते मांडून दाखवले. कुठला कशाला भारी, हे तो घडाघडा सांगत होता. बेरीज-वजाबाकी तोंडी. साध्या पत्त्यांनीही खेळता येतं, हे त्यानेच मला शिकवलं.

ताईने त्याला मारलं नाही. एक वही दिली. एका बाजूला पाकिटाचे पैसे, दुसऱ्या बाजूला काय निघालं ते लिहायचं. जुनी पाकिटंही आठवून लिहायला लावली. एकतीस पाकिटं, तीनशे दहा रुपये, पाचशेचा पत्ता एकही नाही. पोराने स्वतः बेरीज केली आणि दोनदा तपासली. साठ रुपये तो खाऊच्या पैशांतून दर आठवड्याला पाच-पाच करून फेडतोय. आमच्या गटाच्या वहीत त्याच्या नावाचं वेगळं पान आहे, आणि हप्ता अजून एकदाही चुकलेला नाही.

तुमच्या पुढच्या बैठकीत डबा आणि चिठ्ठ्या घेऊन हा खेळ करून बघा. मुलांनाही बसवा.