इंजिनाचे हेड आणि पेट्रोलमधले शिसे

मोटारीच्या इतिहासात कारखानदार येतात, शर्यती येतात. पण अंगणात जुन्या वर्तमानपत्रावर उतरवून ठेवलेले इंजिनाचे हेड क्वचितच येते. विसाव्या शतकात पेट्रोल कसे बदलत गेले, याची खूण मात्र त्याच हेडच्या पोटात साठत होती.

सुरुवातीच्या बऱ्याच इंजिनांत सिलिंडर आणि हेड एकसंध ओतलेले असे. १९०८च्या फोर्ड मॉडेल टीचे हेड बोल्ट काढून वेगळे करता येई. त्याची गरजही होती. तेव्हाचे पेट्रोल निकृष्ट, वंगण जळणारे. पिस्टनवर आणि ज्वलनकक्षात कार्बनची पुटे चढत. जागा कमी झाली की दाब वाढे, तापलेला कार्बन मिश्रण अवेळी पेटवी आणि इंजिन ठोके देऊ लागे. म्हणून काही हजार मैलांनी हेड उतरवणे, कार्बन खरवडणे आणि वॉल्व्ह पुन्हा बसवणे ही नेहमीची देखभाल झाली. गाडीसोबत मिळणाऱ्या पुस्तिकांतही तिची कृती असे.

९ डिसेंबर १९२१ रोजी जनरल मोटर्सच्या प्रयोगशाळेत टॉमस मिजली यांना या ठोक्यांवर उतारा सापडला : टेट्राएथिल लेड, म्हणजे शिशाचे संयुग. १९२३मध्ये असे पेट्रोल विक्रीला आले. ऑक्टोबर १९२४मध्ये न्यू जर्सीतल्या स्टँडर्ड ऑइलच्या कारखान्यात शिशाच्या विषबाधेने पाच कामगार दगावले. विक्री काही काळ थांबली आणि १९२६मध्ये पुन्हा सुरू झाली. शिशामुळे अधिक दाबाची इंजिने शक्य झाली. शिवाय जळलेल्या शिशाचा पातळ थर एक्झॉस्ट वॉल्व्हच्या बैठकीवर बसून तिची झीज रोखू लागला.

आपल्याकडे ही देखभाल फार काळ टिकली, कारण नवी गाडी मिळायला वर्षानुवर्षे थांबावे लागे. कुर्ल्याला बनणाऱ्या फियाटचे, म्हणजे पुढच्या प्रीमियर पद्मिनीचे १०८९ सीसीचे इंजिन घरी उघडण्याजोगे होते. रॉकर आणि पुश रॉड क्रमाने मांडून ठेवायचे, हेड उचलायचे, प्रत्येक वॉल्व्ह त्याच्याच बैठकीत परत जावा म्हणून खूण करायची. मग कडेला ग्राइंडिंग पेस्ट लावून रबरी चोखणीची काठी दोन्ही तळहातांत ताकाच्या रवीसारखी फिरवायची. कडेवर अखंड, करड्या रंगाची रिंग उमटली की काम जमले. खात्रीसाठी कक्षात रॉकेल ओतून पाहायचे. झिरपले तर पुन्हा घासायचे. शेवटी नवी गॅस्केट घालून नट मधून बाहेर, टप्प्याटप्प्याने आवळायचे आणि टॅपेट सेट करायचे.

या कामाचे कौतुक पुष्कळ झाले. खरवडून निघणाऱ्या भुकटीकडे कोणी पाहिले नाही. कार्बन काळा असतो. हेडमधून निघणारी करडी-पिवळसर खपली ही शिशाची संयुगे होती. ती कोरडीच खरवडली जाई, तोंडाने फुंकली जाई, अंगणात झाडली जाई. शिसे मातीत विरून जात नाही आणि लहान मुलांच्या मेंदूच्या वाढीला ते विशेष घातक असते. कारखान्यातले मृत्यू निदान बातमीत आले; घराघरांतल्या या संपर्काची दखल इतिहासाने घेतली नाही.

१९९५मध्ये चार महानगरांत नव्या गाड्यांसाठी शिसेविरहित पेट्रोल आले आणि १ फेब्रुवारी २००० पासून देशभर तेच मिळू लागले. त्याबरोबर जुन्या इंजिनांचे संरक्षक अस्तरही गेले. ॲम्बॅसिडरसारख्या बिडाच्या हेडमध्ये बैठक थेट बिडातच कापलेली असे. तिथे वॉल्व्ह हळूहळू आत रुतू लागले. उपाय एकच, मशीन शॉपमध्ये कठीण धातूच्या रिंगा ठोकून घेणे. ते काठी आणि पेस्ट यांच्या आवाक्यातले नव्हते. अंगणातले काम कारखान्याकडे सरकले.

२०२१मध्ये अल्जीरियाने विक्री थांबवल्यावर मोटारींसाठीचे शिसेयुक्त पेट्रोल जगातून संपले. तरी २००० पूर्वीपासून शेडमध्ये उभ्या असलेल्या गाडीच्या हेडमध्ये तो थर अजून असू शकतो. हौसेने अशी गाडी उघडणाऱ्याने भुकटी ओली करूनच काढावी, तोंडावर मास्क ठेवावा आणि मुलांना दूर बसवावे. हात लावण्याआधी तो थर नीट पाहावा. एका शतकाचा हिशेब त्यात आहे.