तळटीप १२ : ‘व्याकरण नकळत येते’

हे विधान स्टीफन क्रॅशेन यांच्या मतावर उभे आहे. परभाषा अंगवळणी पडणे वेगळे आणि नियम घोकून ती शिकणे वेगळे, असे या अमेरिकी भाषाशास्त्रज्ञाचे म्हणणे. अर्थ कळेल असे बोलणे भरपूर कानांवर पडले की पहिली गोष्ट आपोआप होते; पाठ केलेला नियम बोलण्यावर नुसती देखरेख करतो, तीही सवड असेल तरच. १९८०च्या दशकात हे मत फार गाजले. रिचर्ड श्मिट यांनी मात्र त्याला हरकत घेतली. ब्राझीलमध्ये पोर्तुगीज शिकताना त्यांनी स्वतः रोजनिशी ठेवली होती. वर्गात शिकवलेली सगळीच रूपे त्यांच्या तोंडी आली नाहीत. लोकांच्या बोलण्यात जी त्यांनी हेरली, ती मुख्यतः आली. प्रस्तुत संपादकाला श्मिट अधिक पटतात.

मराठीचेच पाहा. ‘तिने धडा वाचला’, पण ‘ती धडा शिकली’. घरी मराठी असलेले मूल इथे सहसा अडखळत नाही. कारण विचारले तर (वाचकांनी विचारून पाहावे) त्याच्या आईवडिलांनाही चटकन सांगता येत नाही. हिंदीभाषक प्रौढ मात्र ‘उसने मराठी सीखी’च्या वळणाने ‘त्याने मराठी शिकली’ म्हणून जातो. अर्थ पोचतो, म्हणून कोणी टोकत नाही आणि चूक वर्षानुवर्षे टिकते. अशा ठिकाणी नुसते ऐकणे पुरत नाही. कोणीतरी एकदा बोट ठेवून दाखवावे लागते.