गिटारच्या पिकअपबदलीचा इतिहास

इलेक्ट्रिक गिटारच्या आवाजात लाकडाचा वाटा किती, यावर आजही वाद झडतात. पिकअपबद्दल मात्र दुमत नाही. पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाइतक्या बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. वर पोलादी तार थरथरली की कॉइलमध्ये क्षीण वीज निर्माण होते आणि अँप्लिफायरकडे जाते. एका कॉइलचा पिकअप आजूबाजूच्या विजेची घरघरही पकडतो. त्यावर गिब्सन कंपनीतील सेठ लव्हर यांनी १९५५ मध्ये तोड काढली. शेजारी शेजारी दोन कॉइल, त्यांचे वेढे आणि चुंबकाची टोके परस्परविरुद्ध. त्यामुळे तारांचा आवाज बेरजेत येतो आणि घरघर वजा होते. हाच हंबकर. १९५७ पासून गिटारमध्ये बसू लागलेल्या या पिकअपच्या पाठीवर पेटंटचा अर्ज केल्याची (‘पेटंट अप्लाइड फॉर’) चिठ्ठी असे, म्हणून त्याचे नाव ‘पीएएफ’ पडले. पेटंट १९५९ मध्ये मिळाले, चिठ्ठी पुढेही काही काळ चिकटवली जात होती.

१९६५ मध्ये फेंडर ही दुसरी गिटार कंपनी सीबीएस या प्रसारण कंपनीने विकत घेतली, १९६९ मध्ये गिब्सनचीही मालकी बदलली. नव्या गिटारमध्ये जुना दम नाही, अशी कुरकुर वादकांत वाढली. ती सगळीच खरी होती असे नाही, पण धंदा तिच्यावरच उभा राहिला. जुन्या गिटारमधले पीएएफ काढून नव्यात घालणे सुरू झाले. १९७२ मध्ये न्यूयॉर्कच्या लॅरी डिमार्झिओ यांनी ‘सुपर डिस्टॉर्शन’ बाजारात आणला. सिरॅमिक चुंबक आणि जास्त वेढे यांमुळे त्याचा जोर पीएएफपेक्षा खूपच अधिक होता. तरी आकार गिब्सनच्या हंबकरचाच ठेवला होता. लाकूड न कोरता जुना काढून नवा बसवता येतो, ही सोय जोराइतकीच महत्त्वाची ठरली.

१९७६ मध्ये कॅलिफोर्नियात सेमूर डंकन यांची कंपनी निघाली. त्याच वर्षी तिथेच रॉब टर्नर यांनी पुढे ईएमजी या नावाने गाजलेली कंपनी काढली. नऊ व्होल्टच्या बॅटरीवर चालणारे पिकअप ही तिची ओळख. गिटारवादक एडी व्हॅन हेलन यांनी फेंडरच्या स्ट्रॅटोकास्टरच्या आकाराच्या, सुटे भाग जोडून केलेल्या गिटारीत गिब्सनचा पीएएफ घातला आणि सगळे वायरिंग एका व्हॉल्यूम पॉटवर, म्हणजे आवाज कमी-जास्त करणाऱ्या एकाच फिरत्या नियंत्रकावर, आणले. त्या पॉटच्या बटणावर अक्षरे मात्र ‘टोन’ अशी होती. १९७८ च्या त्यांच्या पहिल्या अल्बमनंतर हा प्रकार घरोघरी झाला.

खरी मेख सोल्डरिंगमध्ये होती. गिब्सनच्या जुन्या हंबकरमधून जाळीत गुंडाळलेली एकच वायर बाहेर येई. बदलीच्या पिकअपमध्ये चार वायर आणि एक उघडी अर्थिंगची वायर रूढ झाली, म्हणजे दोन्ही कॉइल वेगवेगळ्या वापरता आल्या. पण रंगांचा मेळ कंपन्यांनी कधीच घातला नाही. डिमार्झिओच्या पिकअपमध्ये सिग्नल लाल वायरवर, डंकनच्या पिकअपमध्ये काळ्यावर. डिमार्झिओत काळी-पांढरी एकमेकींना जोडायची, डंकनमध्ये लाल-पांढरी. दोन कंपन्यांचे पिकअप एका गिटारीत घालताना एकाचा तक्ता दुसऱ्याला लावला, तर आवाज पोकळ येतो किंवा गायबच होतो. पॉटही बघावे लागते: एका कॉइलच्या पिकअपला बहुधा २५० किलोओहम, हंबकरला ५००. कमी घेतले की आवाजाची धार जाते.

जोराची हौस फिटल्यावर गिऱ्हाईक पुन्हा जुन्याकडे वळले. डंकन यांनी १९९० च्या दशकात खुद्द लव्हर यांना सोबत घेऊन पीएएफची प्रतिकृती काढली. मूळ पिकअपच्या कॉइलमध्ये मेण मुरवलेले नसे, म्हणून यातही ते नाही. मोठ्या आवाजात असा पिकअप शिट्टी मारू शकतो. घेणारे ते चालवून घेतात.