मोंते सांतोवरील मनोरा

जुन्या गोव्यात संत फ्रान्सिस झेवियरच्या दर्शनाला गेलेल्या भाविकाला जवळच्या टेकडीवर जांभ्या दगडाचा एक उभा चिरलेला मनोरा दिसतो. वरवट बकालकडून, म्हणजे काळ्या मातीच्या मुलखातून, गेलेल्याला त्याचा तांबूस रंग विशेष जाणवतो. बहुतेक यात्रेकरू तो दुरूनच पाहून परततात, ही खेदाची गोष्ट आहे.

ऑगस्टीनियन संघाचे धर्मबंधू १५७२ साली गोव्यात आले. मोंते सांतो, म्हणजे पवित्र टेकडी, येथे त्यांनी मठ उभारला व १६०२ मध्ये कृपामातेचे भव्य मंदिर पूर्ण केले. सुमारे ४६ मीटर उंचीचा हा मनोरा त्या मंदिराच्या दर्शनी भागाचा घंटाघर होता.

मंदिराच्या बांधकामाविषयी एक आख्यायिका सांगतात. छताची कमान दोनदा कोसळली. तिसऱ्यांदा ती उभी राहिली, तेव्हा इटालियन शिल्पकार आपल्या एकुलत्या एका मुलासह तिच्याखाली जाऊन उभा राहिला आणि त्याने तोफ डागण्याचा हुकूम दिला. कमान हलली नाही! मनोऱ्यांभोवती अशा कथा जमतातच. स्पेनमधील आ कोरुन्या येथील रोमन दीपस्तंभ हर्क्युलीसने गेर्‍यॉन राक्षसाचे मस्तक पुरून त्यावर उभारला, असे लोक मानीत आले. पायथ्याच्या शिलालेखात मात्र आजच्या पोर्तुगालमधील कोइंब्रा येथील गायुस सेव्हियुस लुपुस या स्थापत्यकाराचे नाव आहे. गोव्याच्या कथेला असा शिलालेखाचा दुजोरा नाही. पण तोफेला न भ्यालेली ती कमान माणसांच्या अनास्थेपुढे टिकली नाही, एवढे खरे. १८३५ मध्ये पोर्तुगीज सरकारने धर्मसंघांना घालवून दिले, मठ ओस पडला आणि १८४२ मध्ये छत कोसळले. १९३१ मध्ये दर्शनी भाग व अर्धा मनोरा ढासळला. घंटा तेवढी वाचली. ती प्रथम आग्वाद किल्ल्यातील दीपगृहात नेली. १८७१ पासून ती पणजीच्या निष्कलंक गर्भसंभव मातेच्या मंदिरात आहे.

या ओसाड जागी दुसरी एक कथा मात्र खरी ठरली. जॉर्जियातील काखेती प्रांताची राणी केतेवान हिने ख्रिस्तावरील श्रद्धा सोडण्यास नकार दिला, म्हणून इराणच्या शाह अब्बासाने १६२४ मध्ये शिराझ येथे तिचा छळ करून वध करविला. तेथील ऑगस्टीनियन धर्मगुरूंनी तिचे अवशेष गुप्तपणे मिळविले व त्यांतील काही १६२७ मध्ये गोव्यास आणले. मठाच्या सभागृहालगतच्या प्रार्थनालयात दुसऱ्या खिडकीपाशी ते दगडी पेटीत ठेवले आहेत, अशी जुन्या पोर्तुगीज कागदांत खूण होती. राणी ऑर्थोडॉक्स ख्रिस्तसभेची. तिला जपणारे कॅथलिक. ज्या काळात दोन्ही सभा एकमेकींकडे संशयाने पाहत, त्या काळातील ही गोष्ट आहे.

भारतीय पुरातत्त्व खात्याने ढिगारे उपसले. २००४ मध्ये अस्थी सापडली. हैदराबादच्या पेशी व रेणवीय जीवविज्ञान केंद्रातील तपासणीत तिचा आनुवंशिक वंशगट भारतात न आढळणारा, पण जॉर्जियात असलेला निघाला. जुलै २०२१ मध्ये भारताच्या परराष्ट्रमंत्र्यांनी त्या अवशेषाचा एक भाग त्बिलिसी येथे जॉर्जियाच्या स्वाधीन केला. उरलेला भाग गोव्यातच आहे.