जुनं नाणं, दुर्मिळ नाणं

नातेवाइकांत कुणाकडे जुनं नाणं निघालं की दोनच प्रश्न येतात. किती जुनं? आणि किती मिळतील? जितकं जुनं तितकं महाग, असं सगळे धरूनच चालतात. पण तसं नसतं. चौथ्या शतकातल्या रोमन बादशहांची ब्राँझची नाणी बघा. वय सतराशे वर्षं, तरी त्यातली बरीचशी स्वस्तात मिळतात, कारण ती पाडलीही अमाप गेली आणि जमिनीतून निघतातही हजारोंनी. भाव आवकेवर ठरतो हे आम्हा लासलगावकरांना कुणी वेगळं सांगायला नको!

आता आपल्याच नाशिक जिल्ह्यातली गोष्ट. गोदावरी-दारणा संगमाजवळच्या जोगलटेंभीला १९०६ साली क्षत्रप राजा नहपानाच्या चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. थोडीथोडकी नाहीत, १३,२५० च्या आसपास नाणी! तोवर नहपानाची अगदी मोजकी नाणी ठाऊक होती. या एका साठ्याने त्यांची दुर्मिळता संपवली. नाणं तेच, चांदी तीच, बदलली ती फक्त आवक.

हे नाणं ओळखायचं कसं? एका बाजूला राजाचा मुखवटा आणि भोवती ग्रीक अक्षरं. गंमत म्हणजे अक्षरं ग्रीक असली तरी भाषा प्राकृत. दुसऱ्या बाजूला बाण आणि वज्र, आणि तोच मजकूर ब्राह्मी व खरोष्ठी लिपीत.

साठ्यातल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर मात्र आणखी एक ठसा होता. गौतमीपुत्र सातकर्णीने त्याच नाण्यांवर आपलं तीन कमानींच्या टेकडीचं आणि उज्जयिनीचं चिन्ह उमटवलं होतं. राजाच्या तोंडावरच दुसऱ्या राजाचा शिक्का! नाशिकच्या लेण्यांत गौतमीपुत्राच्या आईचा, गौतमी बलश्रीचा, लेख आहे. त्यात तिने मुलाने क्षहरातांचा वंश निःशेष केल्याचं म्हटलंय. नहपान क्षहरातच. आईने केलेलं कौतुक म्हणून कुणी ते सोडूनही दिलं असतं, पण इथे हजारो नाणी तिच्या बाजूने साक्ष देतात.

मला वाटतं खरा मुद्दा इथेच आहे. असं एकच नाणं मिळालं असतं तर संग्राहकाने जपून ठेवलं असतं आणि अभ्यासकांनी अपवाद म्हणून सोडून दिलं असतं. नऊ हजार मिळाली म्हणून कळलं की जिंकलेल्या राजाचा पैसा गोळा करून, त्यावर आपली खूण उठवून तो पुन्हा चालवला जात होता. बाजारात ज्या संख्येने किंमत उतरते, त्याच संख्येने इतिहासात ती वाढते.

म्हणून शेतात नांगराला नाणी लागली तर ती चिंचेने घासू नका, भावाभावांत वाटू नका, सोनाराकडे तर मुळीच नेऊ नका. १८७८ च्या कायद्याप्रमाणे दहा रुपयांवरचं पुरलेलं धन सापडलं की जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. कायदा राहू द्या बाजूला. वाटून गेलेल्या साठ्यातली नाणी पुढे-मागे मिळतीलही, पण ती एकत्र होती तेव्हा जे सांगत होती ते पुन्हा कुणालाच ऐकू येणार नाही.